बाळाचा श्वास मोजणारं यंत्र घ्यायचंय? आधी बाळ झोपणार कुठे ते बघा

सातवा-आठवा महिना लागला की झबली, दुपटी, लंगोट, कुंची या यादीत आजकाल हळूच एक आयटम घुसतो, बाळाच्या पायात घालायचा तो मोजा जो म्हणे श्वास थांबला तर मोबाईलवर सांगतो. अमेरिकेतली नणंद विचारते येताना आणू का, ऑफिसमधली कुणी सांगते आम्ही डायपरला लावायचं क्लिप घेतलं, नवरा रात्री दोन वाजेपर्यंत रिव्ह्यू वाचत बसतो आणि सासूबाई म्हणतात आमची पोरं काय मशीनवर वाढली का. माझं मत आधीच सांगून टाकते. फीचरची यादी सगळ्यात शेवटी वाचायची, आधी दोन प्रश्न सोडवायचे, बाळ नेमकं कुठे आणि कशात झोपणार, आणि रात्री तीनला ते यंत्र वाजलं तर घरातलं कोण काय करणार. याची उत्तरं नसतील तर पंचवीस हजारांचा मोजा घेऊनही काही होणार नाही.

हे यंत्र कशासाठी नाही, ते आधी

बहुतेक लोक हे घेतात ते एका भीतीपोटी. धडधाकट बाळ झोपेत जातं आणि सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, त्याला सडन इन्फंट डेथ सिंड्रोम म्हणतात, शॉर्टमध्ये सिड्स. साधारण 90 टक्के केसेस पहिल्या सहा महिन्यांतल्या, त्यातही दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान जास्त. आता मुद्दा असा की घरी वापरायच्या मॉनिटरमुळे सिड्स टळतो असा पुरावा आजवर कुणाकडेच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने 2022 च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की सिड्सचा धोका कमी करण्याचा उपाय म्हणून हे मॉनिटर वापरू नका. कंपन्याही बॉक्सवर बारीक अक्षरात तेच छापतात, मोठ्या अक्षरात मात्र 'पीस ऑफ माइंड'.

मग ही कल्पना आली कुठून? 1972 साली अमेरिकेत एक पेपर आला होता, झोपेत श्वास थांबणं आणि सिड्स यांचा संबंध आहे असं सांगणारा, आणि त्यात एकाच घरातल्या भावंडांची उदाहरणं होती. त्यावरून घरोघरी मॉनिटर लावायची लाटच आली. पुढे 1995 मध्ये त्या मुलांच्या आईला खुनासाठी दोषी ठरवलं कोर्टाने, म्हणजे ती उदाहरणं सिड्सची नव्हतीच! पण तोवर मॉनिटर लोकांच्या डोक्यात बसला होता. 2001 मध्ये मग हजाराहून जास्त बाळांना घरी मॉनिटर लावून केलेला मोठा अभ्यास छापून आला आणि त्यात 41 टक्के बाळांचे आकडे कधी ना कधी अलार्मच्या रेषेपलीकडे गेले होते, त्यात अगदी पूर्ण दिवसांची निरोगी बाळंसुद्धा होती. थोडक्यात, बाळांचा श्वास मधेमधे अडखळतोच, ते यंत्राला दिसलं म्हणजे बाळ धोक्यात आहे असं नाही.

मग घ्यावंच का? ज्या आईला बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, दर दहा मिनिटांनी नाकाखाली बोट धरून बघते, तिला जर हे लावून सलग दोन तास झोप मिळत असेल तर ते कारण मला पुरेसं वाटतं. फक्त ते आईच्या झोपेसाठी घेतलंय हे मनाशी पक्कं असू दे. आणि उलटही होतं हां, काही जणी आकडे बघत रात्रभर जागतात, ऑक्सिजन 97 चा 95 झाला की पोटात गोळा. तुमचा स्वभाव तसा असेल तर पैसे वाचवा. सतत धडधड, रडू, भलतेसलते विचार असं चालू असेल तर डॉक्टरांशी बोला किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फिरवा, मराठीतही बोलता येतं, फुकट आहे.

स्टेप 1: बाळाच्या डॉक्टरांना एकच प्रश्न

"आमच्या बाळाला घरी मॉनिटरची वैद्यकीय गरज आहे का?" बस, एवढंच. पूर्ण दिवसांच्या, वजन बरं असलेल्या बाळासाठी उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं. पण बाळ सातव्या महिन्यात झालंय, एनआयसीयूमध्ये म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं, श्वास थांबायचा म्हणून कॅफीन चालू होतं, घरी ऑक्सिजन लागतोय किंवा हृदयाचा काही प्रॉब्लेम आहे, तर गोष्टच वेगळी. अशा बाळाला ऑनलाइन मागवलेला मोजा चालत नाही, त्याला डॉक्टरांनी लिहून दिलेलं मशीन लागतं, कुठल्या आकड्याला वाजावं ते डॉक्टर सेट करतात आणि किती दिवस ठेवायचं तेही तेच ठरवतात. डिस्चार्जच्या दिवशीच हे बोलून घ्या, घरी गेल्यावर फोनवर नीट बोलणं होत नाही.

स्टेप 2: यंत्राआधी स्वतः श्वास मोजायला शिका

हे कुणी सांगत नाही आणि हेच सगळ्यात कामाचं. बाळ शांत झोपलेलं असताना झबलं वर करा, पोटाकडे बघा, घड्याळ लावा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण नवजात बाळाचा श्वास मुळात सरळ रेषेत चालतच नाही, भराभर आठ-दहा श्वास घेईल, मग पाच-सात सेकंद एकदम गप्प, मग पुन्हा चालू. पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो पण हे नॉर्मल आहे, काही महिन्यांत आपोआप कमी होतं. साधारण मिनिटाला 30 ते 60 मधे असायला हवं. 60 किंवा जास्त आलं तर थांबून पुन्हा मोजा, दुसऱ्यांदाही तेवढंच आलं तर डॉक्टरकडे जायचं. दोन महिने पूर्ण झाल्यावर ही रेषा 50 वर येते.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायची पद्धत उभी केली, 1999 मध्ये ते काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि त्याच धर्तीवर आज आशाताई घरी येतात, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. त्यांच्या पिशवीत घड्याळ, थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. तुमच्याकडे आशाताई येत असतील तर त्यांच्यासमोर एकदा मोजून दाखवा, चुकत असेल तर त्या सांगतील.

श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, दर श्वासाला कण्हल्यासारखा आवाज, ओठ किंवा जीभ निळसर, दूध ओढायचं बंद, अंग गार किंवा तापलेलं, उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर यंत्र हिरवा दिवा दाखवत असलं तरी निघायचं. हातापायाचे तळवे नुसते निळसर आणि गार असतील तर पहिल्या काही दिवसांत ते चालतं, ओठ-जीभ निळी चालत नाही.

आणि हो, कोविडमध्ये घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बाळाच्या अंगठ्याला लावून बघू नका. तो मोठ्या माणसाच्या बोटासाठी बनवलेला आहे, बाळाच्या पायाला तो वाटेल ते आकडे दाखवतो आणि मग रात्री अकराला घरात रडारड.

स्टेप 3: झोपायची जागा

पैसे खर्च करायचे तर पहिले इथे, आणि बहुतेक गोष्टींना तर पैसेच लागत नाहीत. बाळ पाठीवर झोपवायचं, दर वेळी, दुपारच्या डुलकीलासुद्धा. अमेरिकेत 1994 मध्ये पाठीवर झोपवायची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत सिड्सचं प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आलं, एकाही मशीनशिवाय. गादी कडक आणि सपाट, चादर ताणून बसवलेली. उशी नको. म्हणजे राईची उशीसुद्धा नको, डोकं गोल व्हायला ती लागते असं कितीही सांगितलं तरी झोपेत नको. जागेपणी पालथं घालून खेळवलं की डोक्याचा आकार सुधारायला मदत होते. कुंची फिरायला जाताना ठीक, घरात झोपताना डोकं उघडं, गोधडी छातीच्या वर नाही, बाजूला टेडी आणि लोड नाही.

बाळंतिणीच्या खोलीत धुरी, शेगडी, दारं-खिडक्या बंद, याबद्दल घरात वाद होतात ते माहितेय मला. पण श्वासाचं यंत्र लावायचं आणि त्याच खोलीत ओवा-धुपाचा धूर करायचा याला काही अर्थ नाही. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी आईला द्या. सिगारेट तर घराच्या आत नाहीच.

बाळ आपल्या कुशीत झोपतं हे आपल्याकडचं वास्तव आहे, गाइडलाइन म्हणते त्याच खोलीत पण वेगळ्या जागेवर. मोठ्या पलंगाला लागून छोटी गादी किंवा खाट लावता आली तर उत्तम. काहीच जमत नसेल तर निदान सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोपायचं नाही, ती सगळ्यात धोक्याची जागा, आणि घरातल्या कुणी दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल तर त्याच्या शेजारी बाळ नाही.

स्टेप 4: आता यंत्राचे प्रकार, आणि झोळी

बाजारात मुख्य चार तऱ्हा आहेत आणि त्यातली एकही नाकातून जाणारी हवा मोजत नाही, सगळी अंदाज बांधतात, फक्त कशावरून ते वेगळं.

पहिली, पोटाची हालचाल. साउथ आफ्रिकेच्या स्नूझा कंपनीचं हीरो हे यातलं प्रसिद्ध, डायपरच्या वरच्या पट्टीला अडकवायचं, रबरी टोक पोटाला टेकतं, 15 सेकंद हालचाल नाही तर आधी थरथरतं म्हणजे बाळ दचकून श्वास घेईल म्हणून, 20 सेकंद झाले की किंचाळतं. ना अ‍ॅप, ना वायफाय, ना चार्जर. मला याचा साधेपणा आवडतो, लोडशेडिंगमध्येही चालतं. पण ते डायपरसाठी आहे, आपल्या सुती लंगोटाच्या गाठीला ते नीट बसत नाही, सरकतं आणि उगाच वाजतं. नाळ पडेपर्यंत पोटाला घासेल असं काही लावूच नका.

दुसरी, कपड्याला लावायचं बटण, सेन्स-यू वगैरे. तत्त्व तेच, पोटाची हालचाल, शिवाय पालथं झालं तर सांगतं आणि फोनला ब्लूटूथने जोडलेलं असतं.

तिसरी, पायातला मोजा, आउलेटचा ड्रीम सॉक किंवा मासिमोचा स्टॉर्क. यात लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश कातडीतून सोडून रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी मोजतात. श्वास थांबल्यावर ऑक्सिजन खाली यायला थोडा वेळ जातो म्हणून इशारा उशिरा येतो, पण येतो तो जास्त अर्थाचा. सावळ्या कातडीवर अशी ऑक्सिमीटर काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात हे मोठ्यांच्या अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे 96 म्हणजे 96च असं धरून चालू नका.

चौथी, नॅनिटसारखी. छातीभोवती नुसता कापडी पट्टा, त्यावर नक्षी, आणि वरचा कॅमेरा ती नक्षी हलताना बघून श्वास मोजतो. बाळाच्या अंगावर बॅटरी नाही ही जमेची बाजू. पण कॅमेरा बरोबर वर हवा, वर मच्छरदाणी नको, बाळावर चादर नको. मच्छरदाणीशिवाय झोपता येत नाही अशा गावात हे बादच.

गादीखालची पॅड अंगावर घालायची नसतात पण दुकानदार तीही दाखवतात. त्यात वायर असते. 2013 मध्ये एंजलकेअरचे सुमारे सहा लाख सेट अमेरिकेत रिकॉल झाले, वायर गळ्याभोवती अडकून दोन बाळं गेली होती. कुठलंही यंत्र असो, वायर बाळापासून तीन फूट लांब हवी.

आता झोळी. आपल्याकडे निम्मी बाळं दिवसा साडीच्या झोळीत नाहीतर पाळण्यात झोपतात, आणि हालचालीवर चालणारं कुठलंही यंत्र तिथे आंधळं होतं, झोक्याची हालचाल त्याला श्वासच वाटते. विश्वास नसेल तर घरी करून बघा, एक जाड टॉवेल गुंडाळा, त्याला क्लिप लावा, झोळीत ठेवा आणि झोका द्या. टॉवेल श्वास घेत नाही तरी यंत्र खुशाल गप्प बसेल, झोका थांबला की वाजेल. शेजारी आई झोपली असेल, एकच गादी असेल तर तिची हालचाल पण त्यात मिसळते, पंख्याचा जोरदार झोत कपडा हलवतो तेही. शिवाय झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वासनलिका दुमडते तो वेगळाच धोका, म्हणून झोळीत मोठी माणसं जागी आणि नजर ठेवून असतानाच.

हालचालीच्या यंत्रांची आणखी एक गोची आहे. बाळाच्या नाकातोंडावर पांघरूण आलं किंवा मान दुमडली तर बाळ श्वास घ्यायची धडपड करतं, पोट हलत राहतं, हवा आत जात नाही, आणि यंत्राला सगळं ठीक दिसतं. मोज्याला ते ऑक्सिजन खाली आल्यावर कळेल.

म्हणून माझा हिशोब असा. बाळ रात्री स्वतःच्या सपाट गादीवर एकटं झोपणार, डायपर असणार, नेट बेभरवशाचं, तर क्लिप. आईजवळ झोपणार, तर हालचालीची यंत्रं सोडून द्या, घ्यायचाच तर मोजा. दिवसभर झोळीतच असेल आणि रात्रीही झोळीच, तर काहीच घेऊ नका, ते पैसे छोट्या खाटेत आणि चांगल्या गादीत घाला.

स्टेप 5: बॉक्सवरचे कागद वाचा

इथे आउलेटची गोष्ट माहीत असलेली बरी. त्यांचा आधीचा स्मार्ट सॉक वर्षानुवर्षं विकला गेला, ऑक्टोबर 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, पत्र पाठवलं की ऑक्सिजन-नाडी मोजून इशारा देताय म्हणजे हे वैद्यकीय उपकरण झालं, मंजुरी कुठाय, आणि कंपनीला तिथली विक्री थांबवावी लागली. पुढे ड्रीम सॉक आला आणि त्याला नोव्हेंबर 2023 मध्ये रीतसर मंजुरी मिळाली. ती कुणासाठी आहे ते मात्र लोक वाचत नाहीत: निरोगी बाळं, 1 ते 18 महिने, वजन 6 ते 30 पौंड. 6 पौंड म्हणजे जवळजवळ 2.7 किलो. आपल्याकडची कितीतरी बाळं जन्मतः अडीच किलोची असतात, आणि जीव सगळ्यात जास्त घाबरतो तो पहिला महिना तर यात येतच नाही. म्हणजे दवाखान्यातून घरी येताना पायात मोजा, हे चित्र त्या मंजुरीच्या बाहेरचं आहे.

2018 मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी 30 बाळांवर दोन घरगुती मॉनिटर हॉस्पिटलच्या मशीनशी ताडून पाहिले होते. त्या वेळच्या आउलेटने कमी झालेला ऑक्सिजन पकडला पण दर वेळी नाही, दुसऱ्या बेबी विडाने एकदाही नाही. मॉडेल जुनी आहेत, मान्य, पण दोन्हींच्या जाहिराती तेव्हा सारख्याच छान होत्या.

भारतात घेताना मेडिकल डिव्हाइसेस रूल्स 2017 लक्षात ठेवा. जे यंत्र स्वतःला वैद्यकीय म्हणवतं त्याच्या लेबलवर लायसन्स नंबर लागतो, बाहेरून आणलेलं असेल तर आयात लायसन्स, एमडी-15 नावाचं, आणि आयातदाराचा पत्ता. हजार-दोन हजारात मिळणाऱ्या नाव नसलेल्या मोज्यांवर यातलं काहीच दिसत नाही, नुसतं 'हॉस्पिटल ग्रेड' लिहिलेलं. ते सोडा.

नणंदेकडून मागवणार असाल तर तिला आधी तीन गोष्टी बघायला सांगा. ते अ‍ॅप भारताच्या प्ले स्टोअरवर आहे का, अ‍ॅडाप्टरवर 100-240 व्होल्ट छापलंय का, आणि बिघडलं तर वॉरंटी फक्त अमेरिकेत का. मोजा तिकडे 300 डॉलरच्या आसपास, क्लिप शंभरच्या आसपास, त्यात काही कंपन्या अ‍ॅपमधल्या निम्म्या गोष्टी महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर देतात तेही विचारून घ्या. सेकंडहँड घ्यायचं तर फार फार तर क्लिप, मोजा नको, त्याची पट्टी सैल झालेली असते आणि सेन्सर किती जुना ते कळत नाही.

स्टेप 6: घरात बसवणं

बाळ यायच्या आधीच चालू करून बघा, बाळंतपणानंतर मॅन्युअल वाचायला कुणाला वेळ आहे. बहुतेक बेस स्टेशनना, म्हणजे यंत्रासोबत येणाऱ्या आणि खोलीत ठेवायच्या डबीला, 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय लागतं, राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर बेडरूममध्ये रेंज येते का बघा. मग मुद्दाम राउटर बंद करा आणि काय होतं ते बघा, काही यंत्रांचं बेस स्टेशन नेट गेलं तरी खोलीत वाजतं, काहींचं सगळं फोनवरच. मग घराची लाइट घालवून बघा, इन्व्हर्टरवर तो सॉकेट आहे का. फोन डू नॉट डिस्टर्बवर असताना अलार्म येतो का, बॅटरी सेव्हरने अ‍ॅप बंद पाडलं का, हेही. बाबांच्या फोनवरही अ‍ॅप हवं, नाहीतर रात्रपाळी कायम आईचीच.

अकाउंटला पासवर्ड नीट ठेवा, कॅमेऱ्याचं यंत्र असेल तर जास्तच.

स्टेप 7: रोज घालणं

मोजा घालायची वेळ मालीश-आंघोळीनंतर लगेच ठेवू नका. तेलकट पायावर सेन्सर सरकतो आणि काचेवर तेलाचा थर बसतो. पाय कोरडा पुसा, बोटांच्या मधेसुद्धा, वाळे आणि काळा दोरा त्या पायातून काढून ठेवा, सेन्सर सांगितलेल्या जागी टेकवा आणि पट्टी अशी लावा की आपली करंगळी कशीबशी आत जाईल. घट्ट केलं की आकडा चांगला येतो असं वाटतं पण रक्त दाबलं जातं. रोज पाय बदला, काढल्यावर कातडी बघा, लाल ठसा अर्ध्या तासात गेला नाही किंवा फोड दिसला तर बंद. यंत्र चार्जिंगला लावलेलं असताना बाळाच्या अंगावर कधीच नको. बटण सेल असलेली यंत्रं मोठ्या भावंडाच्या हाती लागू देऊ नका, गिळलेला बटण सेल अन्ननलिका काही तासांत जाळतो.

आणि रोज म्हणजे रोज चोवीस तास नाही. बाळ मांडीवर असताना, दूध पिताना यंत्र काढून ठेवा, नाहीतर दिवसभर उगाच वाजून घरच्यांचे कान मरतात आणि खरं वाजेल तेव्हा कुणी उठत नाही.

स्टेप 8: वाजलं तर

हा भाग प्रिंट काढून कपाटाला चिकटवा, आजी-आजोबा, सांभाळणाऱ्या ताई, सगळ्यांना दिसेल असा.

आधी बाळाकडे बघा, फोनकडे नाही. लाइट लावा. ओठांचा रंग, पोट हलतंय का. हलतंय आणि रंग चांगला असेल तर यंत्र सरकलंय, नीट लावा किंवा रात्रभरासाठी बंद करा. हलत नसेल तर तळपायाला टिचकी मारा, पाठ चोळा, नावाने हाक मारा. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच, मेंदूला इजा होते. तरीही श्वास नाही तर फोन स्पीकरवर टाकून 108 लावा आणि सीपीआर सुरू करा: कडक जागेवर झोपवून छातीच्या मधोमध 30 दाब, मग तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडात घेऊन 2 हलके श्वास, पुन्हा 30. दाब मिनिटाला 100 ते 120, साधारण दीड इंच खोल. वाचून हे येत नाही, बाहुलीवर करूनच येतं, म्हणून बाळंतपणाच्या क्लासमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये लहान बाळांचा सीपीआर शिकवतात का ते आठव्या महिन्यातच विचारा, आणि जो बाळाजवळ जास्त वेळ असणार त्याने शिकावं, म्हणजे बहुतेक घरांत आजीने.

बाळ आपोआप किंवा टिचकीने श्वास घ्यायला लागलं पण मधे निळं पडलं होतं किंवा एकदम ढिलं झालं होतं, तर 'आता बरंय' म्हणून सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दाखवायचं. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाला नेण्या-आणण्याची आणि उपचाराची सोय वर्षभरापर्यंत मोफत आहे, गाडीसाठी 102 किंवा 108.

नुसतेच खोटे अलार्म रोज येत असतील तर किती वाजता, बाळ कुठे होतं, कशात होतं एवढं तीन-चार दिवस लिहून ठेवा. बऱ्याचदा एकच कारण निघतं, डायपर सैल नाहीतर पंखा. कारण सापडेना तर रिटर्नची तारीख जायच्या आत परत करा.

कधी काढून ठेवायचं

कंपनी दीड वर्ष म्हणते, इतकं ओढायची गरज नाही. सहा महिने उलटले, बाळ स्वतःहून दोन्हीकडे वळायला लागलं, मोजा ओढून तोंडात घालायला लागलं की त्याचं काम संपलं, आणि क्लिप तर त्या वयात खेळणंच होतं. एकदम बंद करायची भीती वाटत असेल तर आधी दुपारच्या झोपेला काढा, आठवड्याने रात्रीचं. कुणाला पुढे देणार असाल तर अ‍ॅपमधून बाळाचं नाव आणि रेकॉर्ड डिलीट करा, यंत्र अकाउंटमधून काढा, नाहीतर त्यांच्या बाळाचा अलार्म रात्री तुमच्या फोनवर वाजेल. सेल काढून टेप लावून द्या, आणि सोबत मॅन्युअल द्या, ते कपाटात वरच्या कप्प्यात असतं बहुतेक.